गोल आधी भिंतीपलीकडे होतो

वाचकाचा प्रश्न: कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेतून हे पत्र आलं आहे. घरात पाच माणसं: पत्रलेखक, त्यांची पत्नी, आई, पंचाहत्तरीचे वडील (आबा) आणि अकरावीतला मुलगा. वडील तरुणपणी तालमीच्या संघातून फुटबॉल खेळलेले, आजही शनिवार-रविवारची मॅच चुकवत नाहीत. मुलाच्या आग्रहाखातर घरात स्मार्ट टीव्ही आला, केबलवरचे स्पोर्ट्स चॅनल बंद झाले आणि मॅच ॲपवर सुरू झाली. तेव्हापासून धुसफूस आहे. भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजारच्या घरात केबल आहे. तिकडून ‘गोऽल’ असा ओरडा येतो, तेव्हा यांच्या पडद्यावर चेंडू अजून मैदानाच्या मधोमध असतो. वडील उठून आत निघून जातात. मुलगा म्हणाला, नेट स्लो आहे. म्हणून ४० एमबीपीएसचा प्लॅन सोडून १५० चा घेतला. फरक काहीच पडला नाही. आईच्या मालिकांसाठी केबलचं साधं पॅकेज चालू आहे. पत्रलेखक विचारतात, “दोन्हीकडं पैसे भरणं जमणार नाही. कायमचं काय ठेवू, केबल की ॲप? आणि आबांना नवीन गोष्ट पटत नाही म्हणून हे चाललंय, का ॲपमध्येच खोट आहे?”

उत्तर:

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण घरातली नाराजी तिथं आहे. आबांचं काहीच चुकत नाही. त्यांना जे खटकतंय ते खरंच घडतंय, आणि ते नेटच्या वेगामुळं घडत नाही.

मैदानावरचं चित्र ॲपवर येताना त्याचे छोटे तुकडे पाडले जातात. एक तुकडा काही सेकंदांचा असतो, बऱ्याचदा ६ सेकंदांचा. तो पूर्ण झाल्याशिवाय पुढं पाठवता येत नाही. मग त्याच तुकड्याच्या हलक्या-भारी दर्जाच्या चार-पाच प्रती तयार होतात, कारण कुणी फोनवर बघत असतं, कुणी ५५ इंची टीव्हीवर. त्या प्रती गावोगावच्या सर्व्हरपर्यंत जातात. शेवटी तुमच्या टीव्हीतलं ॲप, मध्येच चित्र अडकू नये म्हणून, दोन-तीन तुकडे हाताशी जमवतं आणि मगच दाखवायला लागतं. ६ सेकंदांचे ३ तुकडे म्हटले तरी १८ सेकंद तिथंच गेले. आधीचं सगळं काम धरलं की उशीर सहज अर्ध्या मिनिटापर्यंत जातो, कधी त्याच्याही पुढं. केबल आणि डिशचं चित्र उपग्रहावरून येतं. उपग्रह जवळपास ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे, तरी वर जाऊन खाली यायला पाव सेकंद पुरतो. बाकीच्या प्रक्रियेत आणखी काही सेकंद जातात. शेजाऱ्यांचा गोल तुमच्या आधी होतो तो यामुळं.

आता १५० एमबीपीएसचं बघू. वडापची जीप सीटं भरल्याशिवाय सुटत नाही. रस्ता चौपदरी केला म्हणून ती लवकर सुटेल का? तुमचं तसंच झालंय. तुकडा तयार व्हायला जो वेळ लागतो, तो तुमच्या घरातल्या वेगानं कमी होत नाही. एचडी मॅच नीट चालायला ८ ते १० एमबीपीएस सलग मिळाले की झालं. घरात आणखी दोन फोन चालू असतील असं धरलं तरी ४० चा प्लॅन पुरेसा होता. त्यामुळं पुढच्या रिचार्जला पुन्हा ४० वर या. दरमहा जे वाचेल ते बाजूला ठेवा, त्यातून दुसरा मार्ग निघतो.

मुलाशी बोलताना एक फरक त्याला समजावून सांगा, कारण बहुतेक घरांत या दोन गोष्टींची गल्लत होते. चित्र मागं असणं वेगळं आणि चित्र अडकणं वेगळं. पडद्यावर चक्र फिरतंय, चित्र धूसर होतंय, ही दुखणी नेटची किंवा वायफायची आहेत आणि ती घरात दुरुस्त होतात. पेठेतल्या जुन्या घरांच्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय फार लांब जात नाही; २.४ चं जातं, पण आजूबाजूच्या दहा घरांचे राउटर त्याच पट्ट्यात गर्दी करून असतात. उपाय साधा आहे. राउटरपासून टीव्हीपर्यंत कॅट-६ ची लॅन केबल ओढा. टीव्हीचा लॅन पोर्ट बहुधा १०० एमबीपीएसचाच असतो, तो मॅचला भरपूर होतो. इतकं केल्यावरही अडकत असेल तर टीव्हीतलं ॲप जुनं झालंय का ते बघा, अपडेट करा, टीव्ही भिंतीवरच्या बटनातून मिनिटभर बंद ठेवून चालू करा. स्वस्तातल्या स्मार्ट टीव्हीची मेमरी कमी असते. एका ॲपमधून दुसऱ्यात उड्या मारत राहिलं की तो गुदमरतो.

उशीर मात्र पूर्ण जात नाही, थोडा कमी होतो. मध्ये कुणी पॉज केलं, किंवा चित्र एकदा अडकून पुन्हा सुरू झालं, की तुम्ही आणखी मागं पडता आणि ॲप ते आपणहून भरून काढेलच असं नाही. खाली ‘लाइव्ह’ असं बटन असतं ते दाबा, नाहीतर हाफ टाइमला ॲप बंद करून पुन्हा उघडा. नेमका किती उशीर आहे हे मोजायलाही सोपं आहे. मुलाला फोन घेऊन शेजारी पाठवा. तिथल्या पडद्यावर मॅचचं घड्याळ २३:१० दाखवेल तेव्हा त्यानं फोनवर सांगायचं, आणि तुम्ही तुमच्या पडद्यावरचं घड्याळ बघायचं. २२:३५ दिसलं तर ३५ सेकंद. हा आकडा एकदा तिघांनी मिळून काढला की ‘नेट स्लो आहे’ आणि ‘आबा उगाच चिडतात’ ही दोन्ही वाक्यं घरातून जातील.

आणि फोनवरच्या स्कोअर ॲपच्या सूचना मॅचपुरत्या बंद ठेवा. त्या थेट मैदानावरच्या नोंदीवरून येतात, कित्येकदा केबलच्याही आधी. मित्रांच्या ग्रुपचंही तेच. खिशातला फोन थरथरला की आबांना कळतं काय झालं ते.

आता तुमचा मुख्य प्रश्न: केबल की ॲप. यात तुम्ही दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत, त्या मला तपासाव्याशा वाटतात. पहिली, की दोन्हीपैकी एकच ठेवता येतं. पण तुम्हीच लिहिलंय की साधं पॅकेज आईसाठी चालू आहे. म्हणजे बॉक्स घरात आहे, जोडणीचे पैसे तुम्ही भरताच आहात. प्रश्न संपूर्ण केबलचा नाही, दोन-चार चॅनलचा आहे. ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) नियमानुसार ग्राहकाला सुटे चॅनल निवडता येतात. अमुक एक मोठा पॅक घ्याच, अशी सक्ती ऑपरेटरला करता येत नाही. त्यांच्याकडं जाऊन ‘स्पोर्ट्सचा पॅक टाका’ असं म्हणू नका. त्यात क्रिकेटचे आणि कबड्डीचे चॅनल येतील आणि फुटबॉलचा नेमका राहील. चॅनलचं पूर्ण नाव घ्या. इंग्लंडची प्रीमियर लीग सध्या स्टार स्पोर्ट्सच्या चॅनलवर असते, त्यातही इंग्रजी समालोचनाच्या बऱ्याच मॅच स्टार स्पोर्ट्स सिलेक्टवर लागतात. युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग सोनी स्पोर्ट्सवर असते. ॲपच्या बाजूला पहिलीसाठी जिओहॉटस्टार आणि दुसरीसाठी सोनी लिव्ह. एकदा टाकलेला चॅनल किती दिवसांनी काढता येतो, हेही तेव्हाच विचारून घ्या.

दुसरं गृहीतक ‘कायमचं’ या शब्दात आहे. फुटबॉलच्या प्रक्षेपणात कायमचं असं काही नसतं. हक्क तीन-चार वर्षांनी विकले जातात आणि मॅच एका घरातून दुसऱ्या घरात जाते. आयएसएल (इंडियन सुपर लीग) २०१४ पासून कितीतरी मोसम स्टारवर होती, २०२३-२४ ला ती दुसरीकडं गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन मोठी ॲप एकत्र येऊन जिओहॉटस्टार झालं. म्हणून ॲपचा वर्षाचा प्लॅन स्वस्त दिसला तरी मी घाई करणार नाही. युरोपचा मोसम ऑगस्ट ते मे चालतो; जून-जुलैचे पैसे तुम्ही कशासाठी भरायचे? महिन्याचा किंवा तिमाहीचा प्लॅन घ्या, आपोआप नूतनीकरण बंद ठेवा आणि तारीख कॅलेंडरवर लिहा. घेताना दोन गोष्टी वाचा: तो टीव्हीवर चालतो का, आणि एका वेळी किती पडद्यांवर. सगळ्यात स्वस्त मोबाइल प्लॅन फक्त फोनवर चालतो. तो घेऊन टीव्हीवर मॅच लावायला बसलेली माणसं किक-ऑफला अडकतात आणि घाईत वरचा महागडा प्लॅन घेतात.

तुमच्या घरासाठी मी कसं वाटून घेईन, ते सांगतो. सामना कुठल्या वेळी आहे आणि तो कोण बघतंय, यावर ठरवा.

इंग्लंडमधल्या शनिवारच्या दुपारी तीनच्या मॅच आपल्याकडं उन्हाळी वेळेत संध्याकाळी ७:३० ला आणि हिवाळ्यात ८:३० ला येतात. तिथलं घड्याळ ऑक्टोबरच्या आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतं. त्या आठवड्यात निम्मं कोल्हापूर एक तास चुकीच्या वेळी टीव्ही लावतं. त्याच्या आधीची मॅच आपल्याकडं ५ किंवा ६ वाजता, नंतरची १० किंवा ११ वाजता. म्हणजे आईच्या मालिका आणि आबांची मॅच समोरासमोर येतात ती शनिवारच्या मधल्या सामन्याला. हे भांडण केबल-ॲपचं नाही, एकाच पडद्याचं आहे, आणि तिथं ॲप कामाला येतं. मधली मॅच ॲपवर दुसऱ्या खोलीत, टॅबवर किंवा फोनवर बघा. बाकीच्या दोन हॉलमध्ये, केबलवर, सगळ्यांनी मिळून. पेठेत ज्या मॅचला शेजारपाजारही बसलेला असतो, ती सगळ्यांबरोबर त्याच क्षणी दिसली पाहिजे. सगळी गल्ली एकदम ओरडते त्यात आपलाही आवाज असावा, एवढीच आबांची अपेक्षा आहे, आणि ती मला अगदी रास्त वाटते.

मुलाचंही सगळं चूक नाही. चॅनल मोजके, सामने पुष्कळ. प्रीमियर लीगच्या मोसमात ३८० सामने होतात आणि शेवटच्या दिवशी दहाच्या दहा एकाच वेळी सुरू होतात. चॅम्पियन्स लीगमध्ये २०२४-२५ पासून ३६ संघ आहेत. साखळीच्या अखेरच्या रात्री १८ सामने एकदम चालतात. टीव्हीवर त्यातले थोडेच दिसतील, आणि कुठले दिसणार हे तुम्ही ठरवत नाही. त्याचा आवडता संघ मधल्या फळीतला असेल तर त्याला ॲपशिवाय पर्याय नाही. चॅम्पियन्स लीगच्या मुख्य मॅच आपल्याकडं रात्री १२:३० किंवा हिवाळ्यात १:३० ला सुरू होतात. त्या वेळी शेजारी झोपलेले असतात, त्यामुळं अर्ध्या मिनिटाच्या उशिरानं कुणाचं काही बिघडत नाही. आबांनी या वयात तीनपर्यंत जागू नये. सकाळी सहाला चहाबरोबर ॲपवर पूर्ण मॅच पुन्हा लावून द्या. त्याआधी स्कोअर कुणी सांगायचा नाही हा घरातला नियम करा, आणि मॅच तुम्ही शोधून लावून द्या, कारण यादीतल्या चित्रावरच कधीकधी निकाल छापलेला असतो.

मुलगा फोनच्या डेटावर बघत असेल तर हिशेब लक्षात घ्या. ५ एमबीपीएसनं चाललेली मॅच तासाला सव्वादोन जीबी खाते. हाफ टाइम धरून दोन तासांत साडेचार. रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक पूर्वार्धाच्या आसपासच संपतो. घरातल्या वायफायवर बघू दे, किंवा चित्राचा दर्जा हातानं कमी करू दे.

आता केबलच्या बाजूची एक गोष्ट, जी शंभरातल्या कितीतरी घरांत चुकलेली असते. ‘केबलचं चित्र ॲपपेक्षा खराब’ असं मुलगा म्हणत असेल तर टीव्हीच्या मागं बघा. सेट-टॉप बॉक्सपासून लाल-पांढरी-पिवळी वायर गेली असेल तर चित्र खराबच दिसणार. त्या वायरीतून एचडी जातच नाही. बॉक्स एचडीचा हवा, चॅनल एचडीचा हवा आणि मध्ये एचडीएमआय केबल हवी. तिन्हीपैकी एक जरी राहिलं तरी ४३ इंची पडद्यावर चेंडूमागं शेपूट दिसतं. एसडी बॉक्स असेल तर बदलून मागा. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राचा आकार ‘१६:९’ किंवा ‘मूळ’ ठेवा. झूमवर राहिलं तर वरच्या कोपऱ्यातला स्कोअर आणि वेळ कापली जाते.

ज्या वाचकांकडं केबल नसून डिश आहे, त्यांच्यासाठी पावसाचं सांगतो, कारण वर्ल्डकप बहुतेक वेळा जून-जुलैत येतो आणि तेव्हा आपल्याकडं पंचगंगा पात्राबाहेर यायच्या बेतात असते. घरगुती डिश केयू बँड नावाच्या लहरींवर चालते आणि या लहरी जोरदार पावसात शोषल्या जातात. ऑपरेटरकडच्या मोठ्या सी बँड डिशला पावसाचा त्रास फार कमी होतो, म्हणून डिश गेलेली असताना शेजारची केबल चालू असते. पाऊस थांबवता येत नाही, पण तयारी करता येते. मे महिन्यात, आकाश स्वच्छ असताना, बॉक्सच्या मेन्यूत सिग्नलची ‘क्वालिटी’ बघा. कोरड्या हवेत जर ती काठावर असेल तर पहिल्या सरीला चित्र जाणार. कारणं ठरलेली असतात: वाऱ्यानं डिश दोन अंश हललेली, एलएनबीच्या (डिशसमोरच्या दांडीवरच्या डबीच्या) तोंडाचं झाकण फुटून आत पाणी, कनेक्टरला गंज, किंवा आग्नेयेकडं वाढलेलं नारळाचं नाहीतर आंब्याचं झाड. आपल्याकडं डीटीएचचे उपग्रह साधारण आग्नेयेच्या बाजूला येतात, त्या बाजूच्या फांद्या पावसाआधी छाटून घ्या. गंजलेला कनेक्टर नुसता घासू नका, कापून नवा बसवा, वर टेप गुंडाळा, आणि वायर घरात शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी आत न येता झोळातून टपकेल.

पावसात वीज जाते तेव्हा मात्र फायबर नेट उपयोगी पडतं. राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही बहुधा १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो. ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि ॲम्पिअर जुळवून घ्या. टीव्ही बंद पडला तरी फोनवर मॅच चालू राहील. पुढच्या खांबावर कंपनीचीच वीज गेली असेल तर तोही उपाय नाही; त्या रात्री फोनचा डेटा राखून ठेवलेला असावा.

फुकटात काय मिळतं, असंही पुष्कळ वाचक विचारतात. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून जाहीर केलेले सामने हक्क असणाऱ्या कंपनीला दूरदर्शनबरोबर वाटून घ्यावे लागतात. पण २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ते चित्र दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि डीडी फ्री डिशवरच दाखवता येतं, खासगी केबलवर नाही. युरोपातल्या लीग या यादीत नाहीत. टेलिग्रामवर फिरणाऱ्या लिंकांच्या वाटेला मुलाला जाऊ देऊ नका. तिथलं चित्र ॲपच्याही मागं असतं आणि मध्येच कार्डाचा नंबर मागणारी पानं उघडतात. आपल्या पेठांचे शाहू स्टेडियमवरचे सामने स्थानिक केबल चॅनलवर आणि यूट्यूबवर दिसतात. पण आबांचे गुडघे साथ देत असतील तर त्यांना रिक्षानं स्टेडियमवर न्या. त्या सामन्यांसाठी ना केबल लागते ना ॲप.

राहिलं आबांचं आणि ‘नवीन जमत नाही’चं. टीव्हीला दोन रिमोट, बॉक्सला तिसरा, आणि एचडीएमआय-१ वरून ॲपवर जायचं बटन कुठलं हे कुणी सांगितलेलं नाही. अशात कुणालाही जमत नाही. बॉक्सच्या रिमोटवर फुटबॉलचे चॅनल ‘फेवरिट’ मध्ये टाका. टीव्हीच्या रिमोटवर लागणाऱ्या चार बटनांना रंगीत टेप लावा: चालू, इनपुट, ओके, मागे. टीव्ही सुरू होताना थेट केबलचा इनपुट यावा अशी सेटिंग बहुतेक टीव्हींत असते, ती करून ठेवा. मग शनिवारी, पहिल्या मॅचच्या आधी, मुलाला आबांच्या शेजारी बसवा. आबांनी स्वतः चॅनल लावायचा, बंद करायचा, ॲप उघडायचं, परत चॅनलवर यायचं. तीन वेळा. मुलानं तोंडानं सांगायचं, रिमोटला हात लावायचा नाही.